सोवळ्यातलं मैदान

ऑक्टोबर १९९१मध्ये शिवसैनिकांनी वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी उखडली. भारत-पाकिस्तान मालिका व्हायची होती, ती झालीच नाही. निषेधाचा फलक घेऊन उभा राहणारा खेळ चालू देतो, कुदळवाला तो संपवून टाकतो. हा फरक मोठा आहे. तरीही दोघांना एकच वाक्य ऐकवलं जातं: खेळात राजकारण नको.

वाक्य सोज्वळ दिसतं, पण त्याच्या पोटात एक धार्मिक कल्पना आहे. रेषेच्या आत सगळं पवित्र, चपला बाहेर. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये क्रीडांगणाला देवळाच्याच रांगेत बसवलं: दोन्ही जागा आखून वेगळ्या काढलेल्या, आत स्वतःचे नियम. मात्र सोवळं म्हटलं की विटाळ कशाचा, हे ठरवणाराही आला.

पुण्यात दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकरांची गोलंदाजी मैदानाला चालत होती. चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. तेव्हा मैदानात राजकारण आणलं कुणी?

मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा तर धर्मवार संघांचीच. डिसेंबर १९४०मध्ये गांधीजींनी तिला विरोध केला. जग युद्धाच्या शोकात असताना ही करमणूक त्यांना रुचत नव्हती आणि खेळात जमातवार संघ तर मुळीच नको होते. त्या वर्षी हिंदू जिमखान्याने माघार घेतली. स्पर्धा कायमची बंद व्हायला आणखी पाचेक वर्षं लागली.

गडचिरोलीत मैदानातल्या राजकारणाचा हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. इथे झाडांमध्ये बांधलेलं कापड म्हटलं की आधी माओवाद्यांचा लाल बॅनर आठवतो. दरवर्षी २८ जुलैपासूनच्या शहीद सप्ताहात तो हमखास लागायचा. याच जिल्ह्यात पोलीस दल वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी आणि बिरसा मुंडा यांच्या नावाने व्हॉलीबॉल स्पर्धा भरवतं. गावागावांतली पोरं उत्साहाने खेळतात, त्यात खोट काहीच नाही. पण शेडमाके कोण? इंग्रजांविरुद्ध जंगोम दल उभारणारे, १८५८मध्ये चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी गेलेले बंडखोर. बिरसा १९००मध्ये रांचीच्या तुरुंगात वारले. त्या काळच्या सरकारने ज्यांना संपवलं, त्यांची नावं आजचं सरकार स्पर्धेच्या कमानीवर लावतं. ही कृतज्ञता खरी असेलही. राजकारण तर ती आहेच.

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते. तिथे पूजा होते आणि त्याच गर्दीत लोहखनिजाच्या खाणीला विरोधही मांडला गेला आहे. डोंगरच देवाचा, तेव्हा डोंगर वाचवण्याचं बोलणं देवासमोर नाही तर कुठे व्हायचं? देव त्याने बाटत नाही. हाच विरोध ग्रामसभेने उद्या कापडावर लिहून कबड्डीच्या मैदानाच्या कुंपणाला बांधला, तर त्याला राजकारण म्हणायचं आणि कमानीवरच्या शेडमाक्यांना प्रेरणा, ही वाटणी आयोजकांना गावकऱ्यांपुढे उभं राहून समजावून सांगावी लागेल.