फुस्स

परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे. गाडीचा एसी बंद. कॉम्प्रेसर घरीच बदलू म्हटलं. बेल्ट काढायचा, चार बोल्ट, झालं. पण आधी आतला गॅस मशीनने ओढून घ्यावा लागतो आणि माझ्याकडे फक्त पाना. पाइप सैल केला की फुस्स. साक्षीदार कुणी नाही.

आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या किमान १३०० पट तापवतो. म्हणजे अर्धा किलो सोडला, तर ६५० किलोचा धूर.

‘माझ्या एकट्याने काय होतंय?’ खरंय. पण हेच वाक्य प्रत्येक अंगणात म्हटलं जातं. आणि बिल भरते वीटभट्टीवरची, एसीत कधी न बसलेली बाई.

पाना ठेवला. मशीनवाला मिळेपर्यंत काचा खाली.