कायद्याने चालते, मग?



“महालक्ष्मीला घोड्यावर पैसे लावणे कायदेशीर आहे, मग त्यात चूक काय?” मागच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका तरुणाने मला विचारले.

त्याचे खरे आहे. आपल्या राज्यातला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यात परवानाधारक रेसकोर्सवरच्या पैजेला मोकळीक आहे. क्रिकेटवर सट्टा लावला तर पोलीस धरतात, घोड्यावर लावला तर तिकीट मिळते! १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे कारणही सांगितले. घोड्याचे वंश, त्याची तयारी, जॉकीचे कसब यांचा अभ्यास लागतो, म्हणून हा केवळ नशिबाचा खेळ नव्हे. सरकार त्यावर कर घेते. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. त्याच्या आदल्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, मग तो खेळ कौशल्याचा का असेना. म्हणजे कायद्याची रेघ सरकते.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. २४१३) कौशल्याचा प्रश्नच नाही. पैज मुळातच अन्यायाची आहे, असेही तो म्हणत नाही. स्वतःच्या आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेचे पैसे जाऊ लागले की ती अयोग्य ठरते, असे तो सांगतो. मुलीच्या फीचे पैसे घोड्याचा नीट अभ्यास करून घालवले, तरी ते फीचेच पैसे!

आणि जिंकणाऱ्याचे काय? रेसकोर्सवरच्या टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, कर आणि क्लबचा वाटा वजा होतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणजे मला मिळालेले पैसे रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्याचे. ते त्याच्या चैनीचे होते की रेशनचे, हे खिडकीवर कोणी विचारत नाही. कायद्यालाही ते दिसत नाही. हे त्या तरुणाला सांगितले, तर तो म्हणाला, “आणि आपली हाउजी?”

आपल्या सणाची हाउजीही तशीच चालते, हे मान्य करायला हवे. दहा-वीस रुपयांचे तिकीट, बहुतेकांना हरले तरी झळ बसत नाही, आणि मजा येते. शिवाय येथे आपण एकमेकांना ओळखतो. कोणाच्या घरी काय चालले आहे, ते आपल्याला ठाऊक असते. गेल्या सणाला तिकिटांच्या टेबलावर मी होतो. काम सुटलेल्या एका बांधवाने एकदम वीस तिकिटे मागितली. मी फाडून दिली.