आडवा हात

द्वादशीची सकाळ होती. एकादशीची गर्दी ओसरली होती, इंद्रायणीचा घाट मोकळा झाला होता आणि आळंदीतल्या धर्मशाळांमधून उपास सोडायच्या पंगती बसत होत्या. अशाच एका पंगतीत मी वाढायला गेले होते. समोरच्या रांगेत वारकरी शिक्षण घेणारी मुलं बसली होती, आठ-दहा वर्षांची. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ आणि पोटात कडाडून भूक. पानात गरम भात, वर आमटी, शेजारी भाजी आणि चमचाभर शिरा. तरी पुंडलिकाच्या नावाचा गजर होईपर्यंत एकाही मुलाने भाताला हात लावला नाही. गजर झाला आणि मग मात्र सगळी खाली मान घालून जेवू लागली. मी भाताचं भांडं घेऊन दुसऱ्यांदा फिरले, तेव्हा त्यातल्या सगळ्यात लहानग्याने पानावर आडवा हात धरला. मी म्हटलं, "अरे माउली, थोडा घे की. वाढतं वय आहे." त्याने मान हलवली. "भात बास. आमटी आली तर चालेल." माझ्या मागून एक वयस्कर वाढपी येत होते. ते हळूच म्हणाले, "ताई, आडवा हात आला की पुढं चालायचं." मी पुढे गेले. त्या मुलाने दोनदा आमटी मागून घेतली, तो ती भुरकून प्यायला आणि समाधानाने बसून राहिला. पंगत उठली तेव्हा त्याच्या पानात एक शीतसुद्धा उरलं नव्हतं.

घरी येईपर्यंत तो छोटा हात माझ्या डोळ्यांसमोर होता. पंगतीचे नियम कडक असतात. वेळ ठरलेली असते. जे शिजलं तेच सगळ्यांना मिळतं. सुरुवात सगळ्यांनी मिळून करायची, पानात टाकायचं नाही, शेजाऱ्याचं होईपर्यंत उठायचं नाही. पण इतक्या नियमांच्या मधोमध एक जागा अगदी मोकळी ठेवलेली असते. किती खायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्या घरांत मात्र बरोबर उलटं घडतं. कुणाला चाकणच्या कंपनीची पहिली पाळी गाठायची असते, कुणाची भोसरीची बस निघायची असते, पोरांची व्हॅन दारात हॉर्न वाजवत असते. त्या घाईत आपण मुलाला विचारतो, "आज काय खाशील?" तो म्हणतो, "मॅगी." आपण करून देतो. आणि संध्याकाळी तेच मूल दोन पोळ्यांवर "बास" म्हणालं, की आपण म्हणतो, "काही बास नाही, सगळं संपवल्याशिवाय उठायचं नाही." म्हणजे काय शिजवायचं, हा घरच्या मोठ्यांचा निर्णय आपण मुलाच्या हाती देतो. आणि पोट भरलं की नाही, जे फक्त त्यालाच कळतं, ते आपण ठरवतो. एका हाताने जास्त सैल सोडतो, दुसऱ्या हाताने जास्त आवळतो. दोन्हीमागे मायाच असते, यात शंका नाही. गाठ फक्त चुकीच्या ठिकाणी पडते.

जबरदस्तीने खाणं वाढत नाही, हे अनेक आयांनी अनुभवलेलं आहे. अमेरिकेत 2006 मध्ये लहान मुलांवर झालेल्या एका साध्या अभ्यासातही तेच दिसलं. सूप पिताना "संपव, संपव" असं सारखं टोकलं, तेव्हा मुलं कमी प्यायली आणि सुपाला नावं ठेवू लागली. नुसतं समोर ठेवून दिलं, तेव्हा जास्त प्यायली. कडक बंदीचंही तसंच आहे. तिथल्याच जेनिफर फिशर आणि लीॲन बर्च या दोघींनी 1999 मध्ये पाहिलं, की एखादा खाऊ समोर दिसतो पण घ्यायला मनाई आहे, असं झालं की मुलांचं सगळं लक्ष त्याच खाऊकडे जातं. आपल्याकडच्या वरच्या फळीवरच्या डब्याची गोष्ट वेगळी थोडीच आहे? पण म्हणून सगळंच मोकळं सोडून भागत नाही. पाच वाजता पाच रुपयांचं पाकीट हातात पडलं, की आठ वाजता भूक कुठून येणार? मग समोर मोबाइल लावायचा आणि मागे मागे ताट घेऊन फिरायचं. खरा मोकळेपणा कसा असतो, ते क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी 1920 च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगातून दाखवलं. नुकतंच दूध सुटलेल्या 15 बाळांसमोर त्यांनी जेवणाच्या वेळी निरनिराळे पदार्थ मांडून ठेवायला सांगितले. यादीत एकूण 34 पदार्थ होते. फळं, भाज्या, धान्य, दूध, अंडी, मांस, सगळं साधं आणि ताजं. बाळ हात पुढे करेल तेवढंच भरवायचं, कुणी आग्रह करायचा नाही. बाळं कधी एकाच पदार्थावर तुटून पडली, कधी त्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण महिने गेले तशी सगळी धडधाकट वाढली. यातली मेख डॉक्टरबाईंनी स्वतःच सांगितली होती, की सगळी किमया त्या यादीत होती. त्यात साखर नव्हती, मैदा नव्हता. यादी मोठ्यांनी केली आणि निवड बाळांनी केली. आपली पंगतही दुसरं काय करते?

मग गोडाचं काय करायचं? त्याचं उत्तर आळंदीच्याच मातीत आहे. ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना मांडे खावेसे वाटले, गावात कुणी खापर देईना, तेव्हा ज्ञानोबांनी आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा इथल्या लहान पोरांनाही माहीत असते. त्या कथेत गोड खाण्याच्या इच्छेला कुणी वाईट म्हणत नाही. तिचा मान राखला जातो. आपल्या जुन्या घरांतही गोडाला कधी बंदी नव्हती, त्याचा दिवस ठरलेला होता. होळीला पुरणपोळी, संक्रांतीला तिळगूळ, चतुर्थीला मोदक. दिवस आला की पोटभर, नाही तर आठवणसुद्धा नाही. म्हणून मुलाने चॉकलेट मागितलं, तर "अजिबात नाही" म्हणण्यापेक्षा "रविवारी आणू" म्हणून पाहा, आणि रविवारी न चुकता आणा. शब्द पाळला की हट्ट आपोआप मऊ होतो. आणि नावडत्या भाज्यांचं म्हणाल, तर कारल्याची, दोडक्याची भाजी रुचायला मुलाला वेळ लागतो. कधी कधी दहा-दहा वेळा ती पानात यावी लागते, तेव्हा कुठे अकराव्यांदा बोट लावलं जातं. तेवढा धीर ठेवू या. मूल सुकत चाललं असेल, वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवावं. पण एरवी हसत-खेळत असलेल्या लेकराच्या पोटावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आज कामाला निघताना एवढंच मनाशी ठरवू या. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं, मोबाइल लांब ठेवायचा, घरात जे शिजलंय तेच सगळ्यांच्या पानात वाढायचं आणि त्यात मुलाला आवडणारं निदान एक काहीतरी ठेवायचं. सुरुवातीला थोडंच वाढायचं. मागितलं की आनंदाने परत वाढायचं. आणि त्याने पानावर आडवा हात धरला, की "अजून एकच घास" हे शब्द ओठांवरच थांबवायचे. आपलं पोट कधी भरलं हे ओळखायला ते आत्ता शिकतंय. त्याला शिकू द्या.