डाहीगौरीला कोण विचारणार?

सुरतेच्या लिंबायतमधल्या महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले मामा आणि गुजराती कवी-सुधारक नर्मदचं निवडक लेखन मराठीत आणायला बसलेली त्यांची भाची वृंदा. वाद सुरू झाला घोडदोड रोडच्या कवी नर्मद ग्रंथालयात. तिथे आवाज चढवता येत नाही, म्हणून दोघं बाहेर पायरीवर येऊन बसले.

वृंदा : नर्मदचं आत्मचरित्र, 'मारी हकीकत', घ्यायचं की नाही, तेवढं सांगा.

मामा : 1866 साली त्यानं ती लिहिली, चार-दोन प्रती छापल्या आणि जवळच्यांपुरत्या ठेवल्या. लोकांच्या हाती आली 1933 साली, जन्मशताब्दीला. हयातीत त्याला नको होती. माणूस मेला की त्याचा शब्द हलका होतो का गं?

वृंदा : नको असती तर चुलीत घातली असती. गुपित कोणी छापखान्यात नेतं का? ऑस्कर वाइल्डचं बघा. एवढा हजरजबाबी नाटककार, रेडिंगच्या तुरुंगात 1897मध्ये लॉर्ड आल्फ्रेड डग्लसला लांबलचक पत्र लिहितो आणि मित्राला, रॉबर्ट रॉसला, सांगतो की याची नक्कल करून ठेव. लपवणारा नक्कल करायला सांगेल?

मामा : पण रॉस कसा वागला तेही बघ. 1905मध्ये डग्लसचं नाव गाळून थोडाच भाग छापला. मूळ कागद 1909मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिले, पन्नास वर्षं उघडायचे नाहीत या अटीवर. तरी डग्लसनं लावलेल्या 1913च्या खटल्यात ते भर कोर्टात वाचले गेलेच, ते सोड. संपूर्ण, शुद्ध पत्र छापलं गेलं 1962मध्ये. डग्लसला जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. सबुरी म्हणतात ती ही.

वृंदा : डग्लसला कसली सबुरी? तो लॉर्ड, स्वतः कवी. 1914मध्ये उलट पुस्तक लिहून मोकळा झाला. डाहीगौरीनं काय करायचं होतं?

मामा : नर्मदच्या बायकोनं?

वृंदा : हो. 1860मध्ये विधवाविवाहावरून वैष्णव धर्मगुरू जदुनाथजी महाराजांशी जाहीर वाद घालणारा नर्मद सगळ्यांना ठाऊक आहे. 1869मध्ये त्यानं स्वतः नर्मदागौरी या विधवेशी लग्न केलं, तेव्हा डाहीगौरी घरातच होती. टाळ्या त्याला, सवत हिला.

मामा : मग तर छापूच नकोस. जिला उलट बोलता आलं नाही, तिचं घर नवऱ्याच्या लेखणीनं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?

वृंदा : नाही मांडलं तर ती पुसलीच जाते, मामा. नुसते सुधारणेचे लेख घेतले तर त्यात विधवेचं दुःख सापडेल, सवतीचं नाही. डाहीगौरी भेटली तर त्याच्या 'मारी हकीकत'सारख्या खासगी लेखनातच भेटते.

मामा : तीही त्यानंच रंगवलेली.

वृंदा : तेच तर अडतंय. 'धर्मविचार'नं मला असं अडवलं नाही.

मामा : अडवायचं कारणच नाही. सुधारणेबद्दलचं मत जाहीरपणे बदललं, 1885मध्ये त्या पुस्तकात जाहीरपणे लिहिलं. आधीच्या लेखांशेजारी तारखेसकट छाप. 1858मध्ये नोकरी सोडून लेखणीच्या आसऱ्याला गेलेल्या माणसानं 1882मध्ये पुन्हा नोकरी धरली, तेही लिही. त्यात त्याची लाज नाही, आपली आहे. लेखकाला जगवलं नाही आपण. पण बायकोच्या जागी त्याला अशी सूट मी देणार नाही.

वृंदा : म्हणजे गाळू?

मामा : गाळू नकोस, सजवूही नकोस. जिथे ती येते तिथे तळटीप दे, की हे एकाच बाजूचं बोलणं आहे.

वृंदा : तळटीप कोण वाचतं?

मामा : मग तळाला कशाला देतेस? प्रस्तावनेतच सांग, पहिल्या पानावर.