कपाटाची किल्ली

आमच्या शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गेली अकरा वर्षे माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. किल्ली लहानशीच, पण तिच्या टोकाने खिसा फाटतो आणि दर सहा महिन्यांनी घरात त्यावरून बोलणे होते. "शाळेचं ओझं शाळेतच ठेवत जा की," असे मंडळींचे म्हणणे. ते रास्तही आहे. परंतु ज्याच्या नावावर कपाट त्याच्या खिशात किल्ली, हा आमच्याकडचा रिवाज आहे. आणि रिवाज मोडायला जे धैर्य लागते ते माझ्यात बेताचेच आहे.

मी काही फार शिकलेला माणूस नव्हे. मॅट्रिक झालो आणि एका खाजगी शाळेत लहान पोरांच्या वर्गाला चिकटलो. पुढे दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्या छापून आल्या, म्हणून गावात मला 'लेखक सर' म्हणतात. 'गुरुजी' हा शब्द आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरला आहे. आमचे जवळा बाजार परभणीहून औंढ्याकडे जाणाऱ्या सडकेवरचे गाव. हळद, कापूस, सोयाबीन यांचा उलाढाल करणारा मुलूख. नावातच बाजार असल्यामुळे की काय, येथे लहान पोरालाही कोणत्या वस्तूची काय किंमत ते ठाऊक असते. पुस्तकाची मात्र नसते. ती त्यांना मी शिकवली, आणि चुकीची शिकवली, हेच मला आज सांगायचे आहे.

कपाटात चित्रांची पुस्तके साठेक आहेत. त्यांतली काही माझ्या फार जीवाची. माधुरी पुरंदरे यांचे 'चित्रवाचन' त्यांपैकी एक. शब्दांवाचूनची मोठमोठी चित्रे, आणि प्रत्येक चित्रात माणसांची अशी गर्दी की आमच्या आठवडी बाजाराचीच आठवण यावी. हे पुस्तक वर्गात उघडले की मी गप्प बसतो. बोलायचे काम पोरे करतात. मोठा माणूस चित्राच्या मध्यभागी पाहतो आणि पोर कोपऱ्यात पाहते, हे मला या पुस्तकाने शिकवले. चित्रातला मुख्य प्रसंग काय असे मी विचारावे, आणि पोरांनी दूर कडेला उभ्या असलेल्या कुण्या बाईच्या पिशवीत काय असेल यावर वाद घालावा! पहिलीतल्या एका मुलीने तर त्या पिशवीत हळकुंडे आहेत असे छातीठोक सांगितले. कशावरून, असे विचारले तर म्हणाली, "तिचा हात पिवळा हाय ना." हात पिवळा नव्हता, छपाईचा रंग तेवढा उतरला होता. पण हळदीच्या मुलखातल्या लेकराला मी काय सांगणार?

दुसरे मिकी पटेल यांच्या रूपा हत्तिणीचे. स्वतःच्या राखाडी रंगाला कंटाळलेली ही हत्तीण दुसऱ्यांचे रंग अंगावर चढवते. नॅशनल बुक ट्रस्टचे हे पुस्तक इतक्या वर्गांच्या हातांखालून गेले आहे की रूपाचा स्वतःचा रंग कोणता होता, हे आता पुस्तकालाही आठवत नसेल. आणि तिसरे 'महागिरी'. हेमलता यांची गोष्ट, पुलक विश्वास यांची चित्रे, चिल्ड्रन्स बुक ट्रस्टचे प्रकाशन. आमच्याकडे त्याची हिंदी प्रत होती. मी ती मराठीत सांगत असे. देवळाच्या उत्सवासाठी खड्ड्यात खांब रोवायचा असतो. महागिरी हत्ती खांब घेऊन येतो आणि खड्ड्याशी थबकतो. माहूत त्याला हुकूम करतो, मारतो. हत्ती खांब काही आत सोडत नाही. तो पिसाळला असे समजून लोक पळतात. शेवटी उलगडते ते असे, की खड्ड्यात मांजराचे पिल्लू पडलेले होते. त्या पानावर आले की वर्ग श्वास रोखून धरतो. गोष्ट शंभर वेळा ऐकलेली असली तरी धरतो. पिल्लू या खेपेलाही वाचेल ना, याची खात्री करून घ्यायची असते.

चित्रांनी शिकवावे ही कल्पना काही आजची नव्हे. कोमेनियस नावाच्या एका निर्वासित पंडिताने 1658 साली न्यूरेंबर्ग शहरात लॅटिन शिकणाऱ्या मुलांसाठी चित्रांचे पुस्तक छापून घेतले. जे डोळ्यांनी दिसते त्यावरूनच शब्द शिकवावा, हा त्याचा आग्रह. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी 'दिवास्वप्न'मध्ये वर्गाचे वाचनालय उभारणारा मास्तर रंगवला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, तेथून त्या कोसबाडला गेल्या. आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे नाव मला नेहमी फार गोड वाटते. हे सगळे मला ठाऊक होते; भाषणातही मी ते सांगत असे. आणि संध्याकाळी घरी जाताना कपाटाचे कुलूप दोनदा ओढून पाहत असे.

त्याला कारण डेडस्टॉक रजिस्टर. शाळेत नोकरी न केलेल्या वाचकांना या वहीची दहशत कळायची नाही. शाळेतली प्रत्येक खुर्ची, घंटा, नकाशा, घागर तिच्यात नोंदलेली असते. कपाट माझ्या ताब्यात आले तेव्हा आधीच्या मास्तरांनी पुस्तके मोजून दिली आणि म्हणाले, "हे बघा, पुस्तक वाचलं न वाचलं कुणी विचारत नाही. आकडा जुळला पाहिजे." प्रत्येक शाळेत वाचनालय असावे, त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, असे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे. ते लिहिणाराने उत्तमच केले. पण पुस्तक फाटेपर्यंत वाचले गेले तर मास्तराला शाबासकी द्यावी, असे लिहायचे त्याच्याकडून राहून गेले.

तर आकडा. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुटीआधीच्या शेवटच्या दिवशी पुस्तके मोजली आणि एक कमी भरले. पुन्हा मोजली. 'महागिरी' नव्हते.

वर्ग दुसरीचा. चौतीस पोरे. मी आधी गोडीने विचारले. कुणी बोलेना. मग दप्तरे झडली. एकेक दप्तर पालथे करून झाडायचे म्हणजे काय असते, ते मला त्या दिवशी कळायला हवे होते, पण रागात माणसाला दिसत नाही. दप्तरांतून काय काय पडले! अर्धी भाकरी, गोट्या, तुटलेली बांगडी, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवरचा गणपती. पुस्तक पडले नाही. मग माझी नजर एका मुलावर गेली. त्याचे नाव येथे लिहीत नाही. मागच्या वर्षी त्याने कुणाची पेन्सिल घेतली होती, एवढेच त्याचे आधीचे पाप. तो मान खाली घालून उभा होता, आणि मान खाली आहे म्हणजे मनात काहीतरी आहे, असे माझ्या कादंबरीकाराच्या बुद्धीने ठरवले. "तुला ठाऊक आहे. बोल." तो बोलला नाही. "खरे बोलावे असे आपण रोज म्हणतो ना?" तरी नाही. मी त्याला शाळा सुटेपर्यंत दाराशी उभे केले. हात उगारला नाही, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला समाधानाने सांगत असे. सगळी पोरे त्याच्या अंगावरून घरी गेली. एकदोघे जाताना 'चोर' म्हणाले. ते मी ऐकले आणि ऐकले नाही.

दिवाळीनंतर वर्गातली सहा पोरे कमी झाली. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय असते, घरी आजी असली तर तिच्यापाशी पोर राहते; पण ज्याच्या घरी धाकटे भावंड सांभाळायला कुणी नाही, ते पोर टोळीबरोबर जाते. अशीच एक मुलगी गेली. बुजरी, मागच्या रांगेतली. तिच्या जाण्याचा आणि पुस्तकाचा काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आले नाही. मी पुस्तकाची किंमत माझ्या पगारातून भरली, वहीत शेरा लिहिला, आकडा जुळवला.

पाडवा होऊन आठेक दिवस झाले असतील. ती आपल्या आईबरोबर वर्गाच्या दारात उभी राहिली. आईच्या हातात खताच्या पोत्याचा तुकडा, दोरीने बांधलेला. "सर, पोरीनं तुमचं पुस्तक नेलं होतं. मला तिकडं गेल्यावर समजलं. रागावू नका लेकराला." दोरी सोडली. आत 'महागिरी'. पाने काजळीने काळवंडलेली, कडा चिघळलेल्या, मधोमध रसाचा चिकट डाग. उसाच्या फडाजवळ कोप्या घालून राहतात; तिथे दिव्यापाशी हे पुस्तक सहा महिने उघडले गेले होते. मी शाळेत सांगत असे तशीच गोष्ट ती कोप्यांमधल्या पोरांना रोज रात्री मराठीत सांगत होती, असे आई म्हणाली. आणि एक पान नव्हते. पिल्लाचे.

"ते कुठं गेलं?" मी विचारले.

"दुसऱ्या टोळीतली एक होती. ती दुसऱ्या कारखान्यावर चालली होती. तिला दिलं."

आमच्या गावापासून औंढा नागनाथ जवळच. तिथली कथा घरोघर सांगतात: नामदेव गुरूच्या शोधात तिथे आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना धक्का बसला. तेव्हा विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. लहानपणी ही कथा ऐकताना मला नेहमी नामदेवांचीच बाजू पटायची. पुस्तकाला पाय लागला की आपण नमस्कार करतो. मीही पोरांना तेच शिकवतो, आणि ते चूक आहे असे मी आजही म्हणणार नाही. पण ते मळलेले, पान फाडलेले पुस्तक हातात घेऊन उभा असताना माझ्या मनात आले की कुलपात ठेवलेल्या त्या कोऱ्या एकोणसाठ पुस्तकांचा मान मी राखला की या एकाचा तिने? पान फाडणे हे वाईटच. मी तिला तसे सांगितलेही. "पान फाडू नये, बाळ." ती म्हणाली, "मग ती पिल्लू काय झालं ते कसं सांगणार?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही. सगळे पुस्तक द्यावे तर इथे माझा आकडा, पान ठेवावे तर तिथे ती पोर गोष्टीच्या अर्ध्यावर. दोघींपैकी कुणाला अर्धे ठेवायचे, हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलीने सोडवला होता. मी फार तर त्यावर शेरा मारू शकत होतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. निघताना ती सहज म्हणाली, "त्याला ठाऊक होतं. मी दप्तरात घातलं तवा तो बाजूलाच होता. म्या पुस्तक परत आणते म्हणले, तर बोलला, बरं."

त्या मुलाला ठाऊक होते. मी बरोबरच ओळखले होते! दाराशी उभे असताना त्याला नुसते एक नाव घ्यायचे होते, आणि सुटका होती. दप्तरे झडायच्या आधीच ती दुपारच्या सुटीत घरी निघून गेली होती. बांधाबांध चालली होती तिच्या घरी. त्याने नाव घेतले असते तर मी संध्याकाळी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो, हे नक्की.

खरे बोलावे, असे मी त्याला शिकवले. त्याने खोटे सांगितले नाही. तो बोललाच नाही. पण हे वकिली बोलणे झाले. सत्य लपवले हे उघड आहे. मग त्याचे वागणे चुकले का? मी पुष्कळ रात्री यावर विचार केला. धर्मराजाच्या 'नरो वा कुंजरो वा'ची आठवण काढली. पण धर्मराज स्वतःच्या जयासाठी बोलला, आणि हा पोरगा दुसऱ्यासाठी स्वतःवर आळ घेऊन गप्प बसला. शब्द दिला तो पाळायचा की गुरूला खरे सांगायचे, या पेचात भल्याभल्यांना घाम फुटतो. आणि रोज ती हत्तीची गोष्ट सांगणारा मी! खड्ड्यात काय आहे ते न पाहता अंकुश मारणाऱ्या माहुताचा पोरांना राग यावा म्हणून आवाज चढवून सांगत असे.

मी त्या मुलाला मधल्या सुटीत बाजूला बोलावले. "माझं चुकलं," असे म्हणालो. "तू का नाही सांगितलंस?" तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. "ती गावाला जाणार व्हती ना सर," एवढेच तो म्हणाला आणि पळाला.

माझे मन हलके झाले. घरी येऊन मी हे सगळे मंडळींना सांगितले. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतले आणि विचारले, "उभं केलं तेव्हा किती पोरं होती?" मी म्हणालो, चौतीस. नाही, ती घरी गेली होती, तेहतीस. "आणि चुकलं म्हणालात तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांदेखत सांगायचे असे मी ठरवले. पण सांगायचे म्हणजे त्या मुलीचे नाव येणार. आणि ज्या नावासाठी त्याने चार तास दाराशी काढले, ते मीच उघडे करणार. नाव न घेता सांगितले तर पोरे दुपारपर्यंत शोधून काढतील. आमचे गाव बाजाराचे आहे. मी फळ्यापाशी उभा राहिलो, "पुस्तक सापडलं. माझ्याकडूनच हलवाहलवीत गहाळ झालं होतं. मी उगीच एकाला उभं केलं, ते माझं चुकलं," असे म्हणालो. म्हणजे खोटे बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच वर्गासमोर ठरवून खोटे बोललो. मागच्या रांगेत तो माझ्याकडे पाहत होता. तो आणि ती, दोघेच मला खोटे पाडू शकत होते, आणि दोघेही गप्प बसले.

तेव्हापासून कपाटाला कुलूप नाही. किल्ली खिशात आहे, सवयीने. दोन वर्षांत बारा पुस्तके गेली, सात परत आली. फाटलेल्यांची मोजदाद मी सोडून दिली आहे, आणि वहीत काय लिहायचे ते दरसाल मार्चमध्ये सुचते. 'महागिरी'च्या त्या गेलेल्या पानाच्या जागी पोरांनी काढलेले चित्र चिकटवले आहे. त्यात पिल्लू हत्तीएवढेच मोठे आहे.

तो मुलगा आता वरच्या वर्गात आहे. मधल्या सुटीत आमच्या वर्गात येतो. पोरे कपाटाभोवती बसून चित्रे पाहतात, तोही पाहतो. पण पुस्तक हातात घेत नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून, दुसऱ्याच्या खांद्यावरून वाकून पाहतो. पान उलटायचे झाले की शेजारच्याला म्हणतो, "उलट ना." परवा मी 'चित्रवाचन' उचलून त्याच्यापुढे धरले आणि म्हणालो, "घरी ने." त्याने माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "इथंच बघतो सर," म्हणाला.