शीरखुर्म्याची वाटी

रमजान ईदच्या दिवशी आमच्या भाचीने शीरखुर्म्याची वाटी परत केली. पुण्यात शिकणारी मुलगी. मटण तिने आधीच सोडले होते, ते घराने कसेबसे पचवले. पण दूधही नको म्हटल्यावर अम्मींच्या डोळ्यांत पाणी आले. "मामू, मटण सोडायचे आणि दूध प्यायचे, याला काय अर्थ?" असे तिने विचारले. आम्ही प्रश्न हसण्यावारी नेला, तो मात्र मनातून जाईना.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात तर तो पावलोपावली भेटतो. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली तेथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. अहिंसेचा इतका कठोर अर्थ लावणारी परंपरा दुसरी नसेल. आणि बाजारात त्याच कुंथलगिरीचे नाव खव्या-पेढ्यासाठी घेतले जाते. खवा म्हणजे दूध, आणि दूध म्हणजे व्यालेली म्हैस. ती दरवेळी रेडीच देत नाही. टोणगा झाला तर तो जातो कुठे? भाकड म्हैस जाते कुठे? पेढा खाणारा हे विचारत नाही आणि कसायाला मात्र नावे ठेवतो. कुणाला हिणवण्यासाठी हे लिहीत नाही. शीरखुर्म्यातले दूधही त्याच दावणीचे.

कायद्यानेही हाच प्रश्न अर्धवट सोडवला. १९७६ च्या कायद्याने गाय वाचवली, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळू. म्हशी-रेड्यांना ती बंदी नाही. म्हणजे जीव तोच, दया मात्र जात पाहून. त्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता, चारा छावण्या उघडाव्या लागल्या. थकलेला बैल विकता येईना आणि कडबा परवडेना. दयेचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याने आणि कुरेशी समाजाने सोसला. दूध पिणाऱ्याला त्याची तोशीस लागली नाही.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून आमची सुटका नाही. कुर्बानीचे मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तकवा, असे कुरआनच सांगते. सुरीला नीट धार लावा, पण जनावरासमोर लावू नका, ही पैगंबरांची शिकवण. आणि आम्ही? टेम्पोत कोंबून, पाण्यावाचून आणलेली बकरी एकमेकींच्या डोळ्यांदेखत कापतो आणि हलाल म्हणून मोकळे होतो. तो शब्द आम्ही फक्त सुरीपुरता ठेवला.

भाचीचा विचार परका आहे असेही नाही. अकराव्या शतकात सीरियातील अंध अरबी कवी अबुल अला अल-मअर्री मांस, दूध, अंडी, मध यांपैकी काही घेत नसे. अल्लाहने जायज केलेले तू का नाकारतोस, असे फातिमी दरबारच्या मोठ्या दाईने त्याला पत्राने विचारले. उत्तरात त्याने आपल्या तुटपुंज्या मिळकतीचेही कारण दिले. आम्हाला तो भाग फार आवडतो. तत्त्वाला पोटापाण्याचा हिशेब लागतोच.

आमच्याकडे तो हिशेब शेळीशी येऊन थांबतो. जिल्ह्याचे नाव बदलले, शेळी उस्मानाबादीच राहिली. काळी, काटक, बोरी-बाभळीचा पाला खाऊन जगणारी, बऱ्याचदा जुळी देणारी. पीक बुडाले की भूमिहीन बाई तीच विकून दवाखान्याचे बिल भरते. तिला शेळी सोड म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही, भाचीलाही नाही. तिने तो मागितलाही नाही, हे इथे सांगायला हवे. नियम तिने स्वतःपुरता ठेवला आहे. "मग पायातली चामड्याची चप्पल?" असे आम्ही खोचकपणे विचारले. "आधीची आहे, झिजेपर्यंत वापरीन. फेकून दिली तर जनावर परत येणार आहे का?" आम्ही निरुत्तर झालो.

यंदाच्या बकरी ईदला बकरा आठ दिवस आधी आणून दारात बांधायचा, त्याला पोटभर चारा-पाणी द्यायचे आणि सुरी मागच्या अंगणात परजायची, एवढे आम्ही कबूल केले आहे. अम्मी पुढच्या ईदला तिच्यासाठी नारळाच्या दुधात शेवया करून पाहणार आहेत. आमची वाटी मात्र म्हशीच्या दुधाचीच असेल, हे आम्ही आताच सांगून ठेवले आहे.