तीस प्रश्नांत गुरू सापडतो का?

नवी मुंबईतल्या पदवीधराला शिक्षक व्हायचे असेल, तर खुल्या प्रवर्गात पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. मग राज्याची बीएड सीईटी: ९० मिनिटे, १०० प्रश्न, त्यांतले ३० शिक्षक अभियोग्यतेचे. पुढे दोन वर्षांचे बीएड.

एवढ्याने गुरूची पात्रता कळते?

मुंडकोपनिषद गुरूकडे दोन गोष्टी मागते: श्रुतीचे ज्ञान आणि ब्रह्मनिष्ठा. ज्ञान तपासता येते, निष्ठा वर्गातच दिसते. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला सिंथिया फरार यांच्याकडे प्रशिक्षण घेतले होते. मात्र शेणमातीचा मारा सोसून शाळेत जाण्याचे बळ कोणत्याच परीक्षेने मोजले नव्हते.

प्रवेशपरीक्षा हवीच. पण बीएडमधल्या २० आठवड्यांच्या शालेय अनुभवाकडे केवळ उपस्थितीची नोंद म्हणून पाहू नये; मागे पडलेल्या मुलापाशी शिकाऊ शिक्षक किती थांबतो, हेही महाविद्यालयांनी तिथेच पाहावे.